तिसऱ्यापासून ऐक

एका मित्राने एकदा सहज विचारलं, काहीतरी नवीन ऐकायला सांग ना, तेच तेच ऐकून कान किटले. आणि मी त्याला चाळीस अल्बमची यादी पाठवली. चाळीस! रात्रभर बसून केली होती, प्रत्येकाची लिंक, पुढे दोन-दोन ओळी की हे का ऐकायचं, कुठला कुठल्या वेळी चालेल वगैरे, सगळे फुकट आणि सगळे कायदेशीर, म्हणजे खिशात हात घालायला नको आणि मनाला टोचणीही नको, अजून काय पाहिजे माणसाला. त्याचं उत्तर आलं, "वा, भारी! बघतो." बघतो. तेव्हाच समजायला हवं होतं. दोन महिन्यांनी लाज सोडून विचारलं की कुठला आवडला, तर म्हणाला, "अरे ती यादी उघडली की दडपणच येतं. दर वेळी उघडतो आणि बंद करतो."

तेव्हा राग आला होता त्याचा. आता वाटतं बरोबर होतं त्याचं, मी त्याला गाणी दिलीच नव्हती, अभ्यासक्रम दिला होता.

तर हे फुकट आणि कायदेशीर प्रकरण काय आहे ते आधी सांगतो, कारण अजूनही कोणाला सांगितलं की मी अल्बम डाऊनलोड करतो तर समोरचा एक भुवई वर करतो. चोरीचा माल नाही हा. क्रिएटिव्ह कॉमन्स नावाची संस्था २००१ मध्ये सुरू झाली आणि २००२ च्या डिसेंबरात त्यांचे पहिले परवाने आले. कल्पना साधी आहे, कलाकार स्वतःच आधी सांगून टाकतो की माझं हे काम तुम्ही कॉपी करा, दुसऱ्याला द्या, फक्त अमुक एवढं पाळा. माझं नाव लावा, ही अट जवळपास कायमच. मग कोणी म्हणतो यावर धंदा करू नका, कोणी म्हणतो यात मोडतोड करू नका, कोणी म्हणतो मोडतोड करा पण जे बनवाल तेही याच अटींवर पुढे द्या. अशा जोड्या लावून सहा परवाने होतात. आणि २००५ मध्ये लक्झेंबर्गमधून जामेंडो नावाची साइट सुरू झाली (नाव म्हणे जॅम आणि क्रेशेंडो जोडून केलंय), तिथे असे परवाने लावलेले अख्खेच्या अख्खे अल्बम मिळायचे, एमपीथ्री फाइल घ्या नाहीतर ऑग फाइल घ्या, एरवी चोरीच्या मालासाठी बदनाम असलेल्या टॉरेंटनेसुद्धा घ्या. टॉरेंटने, आणि तरी कायदेशीर! मला त्या वयात याचीच गंमत जास्त वाटली होती, संगीत नंतर.

तेव्हा माझ्याकडे डायल-अप होतं, म्हणजे घरच्या फोनच्या लाइनवरून चालणारं नेट. छप्पन्न केचा मोडेम, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला पाचेक केबी आले तर नशीब. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो, म्हणजे पाऊण तासाचा अल्बम त्रेचाळीस-चव्वेचाळीस एमबी, म्हणजे सगळं सुरळीत चाललं तर जवळजवळ अडीच तास, आणि सगळं सुरळीत कधीच चालायचं नाही कारण मध्येच कोणीतरी फोन उचलायचं. पण त्या अडीच तासांत मी काय करायचो, तर त्या कलाकाराने अल्बमखाली जे काही लिहिलेलं असायचं ते वाचायचो. कुठल्या खोलीत रेकॉर्ड केलं, ड्रम कोणाचा उसना आणला, तिसऱ्या गाण्यात मागे कुत्रा भुंकतोय तो का काढला नाही. आणि मग अल्बम उतरला की तो पूर्ण ऐकायचो, भंगार असला तरी. अडीच तास वाट बघून आणलेली गोष्ट कोण अर्ध्या मिनिटात बंद करतंय? त्या जिद्दीने, खरं तर कंजूषपणाने, मला काही अल्बम आवडायला लागले जे पहिल्यांदा अजिबात आवडले नव्हते.

मग नेट फास्ट झालं आणि माझं वाटोळं झालं. फुकट ते पौष्टिक म्हणत मी उचलतच सुटलो. एका बैठकीत वीस-वीस अल्बम. 'नंतर ऐकू' असं एक फोल्डर केलं, त्यात अजून एक 'नंतर ऐकू नवीन', मग 'नंतर ऐकू नक्की'. हसू नका, तुमच्याकडेही असेल. त्यातलं किती ऐकलं ते विचारू नका.

शोधायचं कसं, हा खरा प्रश्न तेव्हा सुरू झाला. कारण जिथे कोणीही आपलं काम टाकू शकतो तिथे कोणीही टाकतो, आणि हे मी वाईट अर्थाने म्हणत नाहीये, फक्त ढीग मोठा होतो. पहिली सवय म्हणजे सगळ्यात जास्त डाऊनलोड झालेले आधी लावायचे आणि वरून खाली येत जायचं. मीही बरीच वर्षं तेच केलं, आणि मग एका प्रयोगाबद्दल वाचलं तेव्हापासून ते बटण दाबताना थोडी लाज वाटते. २००६ मध्ये 'सायन्स' या संशोधनाच्या नियतकालिकात छापून आलेला हा प्रयोग, सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या तिघांचा. त्यांनी फारशा कोणाला माहीत नसलेल्या बँडांची ४८ गाणी एका साइटवर ठेवली, ऐका आणि आवडलं तर फुकट डाऊनलोड करा, १४ हजारांवर लोक आले. यातल्या काहींना नुसती गाणी दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या जगांत, म्हणजे गटांत, विभागलं होतं, आणि आपल्या जगात कुठलं गाणं किती वेळा डाऊनलोड झालंय हा आकडा त्यांना दिसायचा. गाणी तीच, सुरुवात सगळीकडे शून्यापासून. आणि एकच गाणं एका जगात पहिलं आलं आणि दुसऱ्यात चाळीसावं! फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार वाईट सहसा डोक्यावर बसली नाहीत, पण मधल्या सगळ्यांचं काहीही होऊ शकत होतं. म्हणजे सुरुवातीच्या चार माणसांनी कशावर क्लिक केलं यावर पुढच्या हजारांची आवड ठरते. मी जो वरून खाली येत होतो तो चांगल्याकडून वाईटाकडे येत नव्हतो, पहिल्या चार जणांच्या लहरीमागून चालत होतो.

बरं मग टॅगवरून शोधावं, तर टॅग लावतो कोण, स्वतः कलाकार. 'अँबियंट' म्हणजे ताल सापडला नाही. 'एक्सपेरिमेंटल' म्हणजे मिक्सिंग जमलं नाही. 'लो-फाय' म्हणजे माईक पडला होता. मी थोडं दुष्टपणे बोलतोय पण ज्याने कोणी 'चिल' टॅगवर तासभर काढलाय तो मान डोलावेल. शिवाय एकेका गाण्याला वीस-वीस टॅग, रॉक, जॅझ, फोक, इलेक्ट्रॉनिक, सिनेमॅटिक, सॅड, हॅपी, सगळंच. सॅडही आणि हॅपीही.

आणि मधल्या काळात अजून एक गोष्ट झाली, फुकट संगीताचा मोठा भाग व्हिडिओच्या मागे वाजवायला बनायला लागला. त्यात वाईट काही नाही, केव्हिन मॅक्लाउडसारख्या माणसाने शेकड्यांनी तुकडे नुसत्या नावाच्या बदल्यात देऊन टाकलेत, तुम्ही त्याचं नाव ऐकलं नसेल पण त्याचं संगीत शंभर टक्के ऐकलंय, कुठल्यातरी मांजराच्या नाहीतर टेबल कसं जोडायचं याच्या व्हिडिओत. पण त्यामुळे ढिगात अशा गोष्टी फार झाल्या ज्या ऐकायच्या नसतातच, मागे असायच्या असतात. युकुलेले, टाळ्या, शिट्टी. दोन मिनिटं दहा सेकंद. हे ओळखायची माझी साधी खूण म्हणजे गाण्याचं नाव, नावातच 'इन्स्पायरिंग' आणि 'कॉर्पोरेट' हे दोन शब्द शेजारी शेजारी असले की मी पुढे.

मग मी माझ्या काही सवयी लावून घेतल्या, त्यांना पद्धत म्हणणं जास्त होईल. एक म्हणजे पहिलं गाणं ऐकायचंच नाही. पहिलं गाणं सगळेच घासून पुसून ठेवतात, पाहुण्यांच्या खोलीसारखं. मी मधलं एखादं लावतो, शक्यतो सगळ्यात लांब असेल ते, आणि त्यातही एक मिनिट पुढे जाऊन, कारण लांब गाणं कंटाळा न आणता चालवता येणं हे हातात काहीतरी असल्याशिवाय जमत नाही. मग शेवटचं. शेवटच्या गाण्यावर कळतं की हा माणूस अल्बम करत होता की नुसती गाणी गोळा करत होता. बासष्ट मिनिटं आणि बावीस गाणी असली तर मी घाबरतो, ज्याने काहीच फेकलं नाही त्याने निवडलंही नाही. चौतीस-पस्तीस मिनिटं, आठ-नऊ गाणी, आणि गाण्यांच्या लांबीत फरक असेल, एखादं दीड मिनिटाचं एखादं सातचं, तर जीव अडकतो माझा. कव्हरवरून कळतं का? थोडं कळतं. सूर्यास्त आणि हुडी घातलेली पाठमोरी आकृती असेल तर बहुतेक आत काय आहे ते कळतं. पण एकदा कोणीतरी चक्क वहीचं पान स्कॅन करून लावलेलं कव्हर होतं, त्यावर खाडाखोड, आणि तो अल्बम मी आजही ऐकतो, म्हणजे ऐकत होतो, त्याची गोष्ट पुढे येईलच.

सगळ्यात कामाला आलेली गोष्ट मात्र माणसं. म्हणजे एखाद्या अल्बमवर कोणी सेलो वाजवलाय ते बघायचं आणि त्या सेलोवाल्याने अजून कुठे कुठे वाजवलंय ते शोधत जायचं, चांगला वाजवणारा सहसा वाईट संगतीत सापडत नाही. आणि दुसरं म्हणजे नेटलेबलं. हे फार लोकांना माहीत नाही. रेकॉर्ड कंपनीसारखंच, पण विकायला काही नाही, एखादा माणूस किंवा दोघं-तिघं आपल्या आवडीने अल्बम निवडतात, कव्हर करतात, नंबर टाकतात आणि नेटवर फुकट सोडून देतात. याची मुळं जुनी आहेत, १९८७ मध्ये अमिगा कॉम्प्युटरवर ट्रॅकर नावाचं सॉफ्टवेअर आलं, चार चॅनलमध्ये गाणं बांधायचं, फाइल एवढीशी, ती पोरं एकमेकांत वाटायची, त्यातूनच पुढे नव्वदच्या दशकात मोनोटोनिकसारखी नेटलेबलं आली. नंतर बल्गेरियातलं डस्टेड वॅक्स किंग्डम, नुसतं धुरकट ट्रिप-हॉप, म्हणजे संथ तालाचं इलेक्ट्रॉनिक संगीत, एकामागून एक. इंटरनेट आर्काइव्ह या नेटवरच्या फुकट संग्रहालयात नेटलेबलांचा वेगळा कप्पाच आहे. एकदा का एखाद्या नेटलेबलवाल्याचा कान आपल्या कानाशी जुळला की अर्धं काम झालं, कारण त्याने आपल्यासाठी शंभर अल्बम आधीच ऐकून नव्वद टाकून दिलेले असतात. फ्री म्युझिक आर्काइव्ह ही फुकट संगीताची साइट २००९ मध्ये सुरू झाली ते डब्ल्यूएफएमयू या रेडिओ स्टेशनकडून, तिथेही सुरुवातीला हाच विचार, कोणीही यावं आणि टाकावं असं नाही, निवडणारी माणसं ठेवलेली. मशीन सुचवतं ना 'हे आवडलं तर तेही आवडेल', ते मला नेहमी थोडं भाबडं वाटतं. मला एखादं गाणं आवडलं ते त्यातल्या एका चुकलेल्या सुरामुळे, आता त्याच्यासारखं अजून काय शोधणार ते?

असो. शोधणं जमलं थोडंफार. सुचवणं जमायला फार वेळ लागला.

चाळीसच्या यादीनंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो, एकच अल्बम पण इतकं कौतुक करून सांगायचो की समोरच्याला ऐकायच्या आधीच थकवा यायचा. ऐकून तो म्हणायचा "चांगला आहे" आणि मी दुखावायचो, चांगला? नुसता चांगला? लोक माझ्यापासून जपून राहायला लागले. एका मित्राने तर सांगितलंच, "तू गाणं देत नाहीस, गळ्यात मारतोस. आणि वर परीक्षा घेतोस." खरं होतं. आणि फुकट असल्यामुळे ते अजून वाईट होतं. विकत घेतलेली सीडी मी कोणाला दिली असती तर निदान मी काहीतरी घालवलं असतं त्यात. फुकटच्या गोष्टीत माझं काहीच जात नव्हतं, जात होती ती त्याची संध्याकाळ, आणि मी त्याच्या संध्याकाळी अशा वाटत सुटलो होतो जणू माझ्याच आहेत.

शिवाय फुकट म्हणजे कोणी न घेतलेलं, उरलेलं, हा संशय लोकांच्या डोक्यातून जाता जात नाही. चांगला असता तर विकला नसता का, हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारलाय की मी एक उदाहरण खिशात घेऊनच फिरतो. नाइन इंच नेल्स या अमेरिकन बँडने २००८ मध्ये 'घोस्ट्स' नावाचा ३६ तुकड्यांचा अल्बम काढला, नुसतं वाद्यसंगीत, क्रिएटिव्ह कॉमन्सखाली, पहिले नऊ त्यांनीच फुकट दिले आणि बाकीचेही धंदा न करता एकमेकांना द्यायला परवान्याने मोकळीक. आणि तोच अल्बम त्या वर्षी अमेझॉनच्या एमपीथ्री दुकानात सगळ्यात जास्त विकला गेला. फुकट मिळणारी वस्तू सर्वाधिक विकली गेलेली वस्तू! हे ऐकवलं की समोरचा गप्प बसतो. अर्थात गप्प बसणं म्हणजे ऐकणं नाही हेही हळूहळू कळलं.

हळूहळू मग एवढं कळलं की माणसाला अल्बम सांगायचा नसतो, अल्बमचं दार सांगायचं असतं. म्हणजे कुठून आत शिरायचं ते. उदाहरण देतो, किमिको इशिझाका या पियानोवादिकेने बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स, म्हणजे एकाच तुकड्यावर बांधलेली तीस रूपं, वाजवलीत, २०१२ मध्ये, लोकांनी मिळून पैसे उभे केले आणि रेकॉर्डिंग सगळ्यांसाठी पूर्ण मोकळं सोडून दिलं, परवाना नाही अट नाही, घ्या. आता हे कोणाला 'तीस व्हेरिएशन्स आहेत, ऐक' असं सांगून बघा. पळून जाईल. मी असं सांगतो की सुरुवातीचा एक छोटा तुकडा आहे, एरिया, तो ऐक. मग सरळ उडी मारून शेवटचा ऐक, तोही एरियाच आहे, सुरांसकट तोच. आणि मग स्वतःलाच विचार की तोच असून वेगळा का वाटतोय, मध्ये असं काय झालं? एवढंच सांगतो. ज्यांना सांगितलं त्यातले दोन जण मध्ये काय झालं ते बघायला आत शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

तर दार सांगायचं. आणि एका वेळी एक. आणि सांगितल्यावर परत विचारायचं नाही, हे सगळ्यात कठीण, जीभ चावून बसतो मी. वाटतं माणूस ऐकतच नाहीये, विसरला, वाया गेलं. त्यातून मी काय करायला लागलो की लिंक न देता फाइलीच द्यायला लागलो. पेन ड्राइव्हवर फोल्डर करून. या संगीताची हीच तर मजा आहे की इथे सुचवणं आणि देणं यात फरकच नाही, परवाना म्हणतो कॉपी कर, दे, मग नुसतं बोट कशाला दाखवायचं, हातातच ठेवा ना. फोल्डरचं नाव मीच ठेवायचो, कारण मूळ फाइलींची नावं अगम्य असायची आणि टॅग, म्हणजे फाइलीच्या आत लिहिलेली गाण्याची आणि कलाकाराची नावं, ते तर विचारू नका, एमपीथ्रीच्या पहिल्या पद्धतीच्या टॅगमध्ये गाण्याच्या नावाला फक्त ३० अक्षरांची जागा होती, त्यामुळे लांब नावाचं गाणं मध्येच दम लागल्यासारखं तुटायचं. बऱ्याच अल्बमांना तर तेही नाही, 'ट्रॅक ०१', 'अननोन आर्टिस्ट'.

आता त्या वहीच्या पानाच्या कव्हरवाल्या अल्बमची गोष्ट.

नऊ गाणी, अडतीस मिनिटं. गिटार, कधी पियानो, एका ठिकाणी खुर्ची करकरते, गाणं म्हणावं तर शब्द जवळजवळ नाहीत, कोणीतरी गुणगुणतंय एवढंच. करणाऱ्याचा त्याआधी एकही अल्बम नाही, नंतर एकही नाही. मला तो एका साइटवर रात्री दोन-अडीचला सापडला होता, डाऊनलोडचा आकडा तेव्हा अकरा, बारावा मी. पुढे काही वर्षांनी ती साइट बंद पडली, नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. आणि माझी हार्ड डिस्क गेली त्याच पावसाळ्यात, बॅकअप आहे असं मी समजत होतो त्यात 'नंतर ऐकू'ची तिन्ही फोल्डरं शाबूत आणि ऐकलेल्याचं एकही नाही. न ऐकलेलं सगळं वाचलं, ऐकलेलं सगळं गेलं! यावर हसावं की रडावं.

असं गेलेलं एकट्या माझंच नाही म्हणा. मूळ एमपीथ्री डॉट कॉम ही गाण्यांची साइट २००३ च्या शेवटी बंद झाली तेव्हा हजारो होतकरू लोकांची गाणी तिथून नाहीशी झाली. मायस्पेस या जुन्या सोशल साइटचं तर सगळ्यांना माहीत आहे, २०१९ मध्ये उघड झालं की २००३ पासून २०१५ पर्यंत लोकांनी चढवलेलं संगीत सर्व्हर हलवताना गेलं, पाच कोटींवर गाणी. पण त्याची पुढची गोष्ट मला जास्त आवडते. काही संशोधकांनी आपल्या कामासाठी मायस्पेसवरून बरीच गाणी आधीच उतरवून ठेवलेली होती, त्यांनी ती इंटरनेट आर्काइव्हला आणून दिली, चार लाख नव्वद हजार गाणी. पाच कोटींपुढे काहीच नाही, शंभरातलं एकही धड नाही. पण जे वाचलं ते वाचलं कारण कोणीतरी स्वतःकडे कॉपी करून घेतली होती, भले ऐकायला नाही, मोजायला.

मी पुष्कळ शोधलं. त्या माणसाचं नाव टाकून, अल्बमचं नाव टाकून, वेगवेगळं स्पेलिंग करून. एक गोष्ट बरी की क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना मागे घेता येत नाही, कलाकाराने स्वतः अल्बम काढून टाकला तरी ज्यांच्याकडे आधीची कॉपी आहे ते ती ठेवू शकतात, पुढे देऊ शकतात. म्हणजे कोणाकडे असला तर मला हक्काने मागता येणार होता. पण कोणाकडे? उरलेले अकरा जण कुठल्या देशात कोण जाणे.

आणि मग एकदा झोपता झोपता आठवलं, ताई. माझी मावसबहीण. तिला मी दिला होता, सहा-सात वर्षांपूर्वी, पेन ड्राइव्हवर. तिने कधी एक अक्षर बोलून दाखवलं नव्हतं, मीही माझा नियम पाळून विचारलं नव्हतं आणि मनातल्या मनात तिचं नाव वाया गेलेल्यांच्या यादीत घालून टाकलं होतं. सकाळी फोन केला.

"ताई, तुला एक गाण्यांचा फोल्डर दिला होता बघ मी एकदा, गिटारचा, आठवतंय?"

"न आठवायला काय झालं, रोज तर लावते. शिवताना."

रोज. मी दोन मिनिटं बोललोच नाही. मग म्हटलं मला पाठवशील का, तर म्हणाली, "तुझंच आहे की रे, तुझ्याकडे नाही?" झालेलं सगळं सांगितलं. खूप हसली. संध्याकाळी तिच्या मुलीकडून फाइल आली, झिप करून.

फोल्डरचं नाव मीच ठेवलेलं तेच, तिने कशाला बदललं असतं. 'हे ऐक - तिसऱ्यापासून सुरू कर'. कारण तिसरं गाणं म्हणजे माझ्या मते या अल्बमचं दार होतं, तेच मला रात्री अडीचला जागं ठेवणारं, संथ, एकच स्वर पुन्हा पुन्हा, मध्ये खुर्ची करकरते ते हेच. उघडलं तर आत ०१, ०२, ०४, ०५, ०६, ०७, ०९. परत मोजलं. झिप नीट उघडली नसेल म्हणून परत उघडली. सात. वहीच्या पानाचं कव्हरही नव्हतं, आणि कलाकाराच्या रकान्यात माझं घरगुती नाव, बहुधा भाचीने कधीतरी टाकलेलं, 'मामाची गाणी'. म्हणजे परवान्याची पहिली अटच मोडली, नाव लावा म्हणाला होता बिचारा. आणि त्याच्या परवान्यात मोडतोड करू नका हेही होतं बरं का, दोन गाणी गाळणं मोडतोडीत बसतं की नाही ते वकिलाने सांगावं.

परत फोन केला. "ताई, तिसरं आणि आठवं कुठंय?"

"ती होय, ती उडवली मी केव्हाच. आठव्यात नुसती खरखर होती. आणि तिसरं फार रडकं होतं रे, तू त्यापासून सुरू कर म्हणालास म्हणून दोन महिने लावलंच नाही मी ते फोल्डर, म्हटलं सगळं असंच असणार. मग एकदा चुकून चौथं लागलं."

"चौथं?"

"चौथं. तू चौथं नीट ऐकलंयस ना?"

चौथं मी नेहमी पुढे ढकलायचो. दोन मिनिटांचं, हलकं, तिसऱ्यानंतर ते फार उथळ वाटायचं. ऐकलंय ना ऐकलंय असं काहीतरी पुटपुटलो. फोन ठेवला, हेडफोन शोधला, तिसरं आता नव्हतंच, दुसरं संपल्या संपल्या चौथं सुरू झालं.